डाव्याचा पंप

पंप एका दिवसात जात नाही. आधी कुरकुरतो, मग रुसतो, आणि आपलं ध्यान नाही असं पाहून एके दिवशी बसतो. आमच्या ट्रॅक्टरचं तसंच झालं. सकाळी इंजिन थंड असताना मागचा रोटावेटर नीट उचलला जायचा. दुपारी तेल तापलं की लिव्हर ओढून बसा. अवजार म्हाताऱ्या माणसासारखं टोंगळ्यावर हात टेकत उठायचं, अर्ध्यात थांबायचं, थरथरायचं आणि हळूच पुन्हा चिखलात बसायचं. मी शिव्या घालायचो. शिव्यांनी हायड्रोलिक चालत असतं तर आमच्या तालुक्यातला एकही मिस्त्री पोट भरू शकला नसता.

कापूस-सोयाबीनच्या वावरात पंपाच्या जोरावर अवजार उचलणारी लिफ्ट अशी वागली तरी एखादवेळी खपून जाते. आमच्याकडे, नागभीडच्या बाजूला, सगळं धान. एवढ्याशा जमिनीच्या कितीतरी बांध्या, प्रत्येकीला चारी बाजूंनी मातीचे धुरे, आत पोटरीभर पाणी. एका बांधीत चिखल केला की रोटावेटर उचलायचा, धुरा ओलांडायचा, पुढच्या बांधीत टाकायचा. दिवसभर हेच चाललेलं असतं. लिफ्ट उचलत नसेल तर प्रत्येक धुरा फुटणार आणि साठवलेलं पाणी वाहून जाणार. पाणी गेलं की धानाची लावणी, म्हणजे आमचा रोवणा, गेला.

आणि नेमके रोवण्याचेच दिवस होते. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, हातभर वाढून पिवळे पडायला लागले होते, रोवणाऱ्या बाया सांगून ठेवलेल्या होत्या. असं काही बिघडायचं ते अशाच वेळी बिघडतं, उन्हाळ्यात महिनोन्महिने उभा होता तेव्हा याला काही झालं नाही.

घरात आम्ही तिघं. मी, माझी बायको आणि माझा बा. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पोरी आपापल्या घरी नांदतात. बा ऐंशीच्या घरातला, कानानं पक्का, डोळ्यांनी जरा कच्चा. शेतीतलं काम त्याच्याकडून आता होत नाही, पण शेतीतली कोणतीही गोष्ट त्याला न विचारता झालेली त्याला चालत नाही. पंपाचा निर्णय म्हणूनच अवघड होता. त्यासाठी आधी डाव्याचं सांगितलं पाहिजे.

आमच्याकडे एक बैलजोडी होती. बा त्यांना नावानं हाक मारत नसे. जू घातल्यावर डावीकडे चालायचा तो डावा, उजवीकडे चालायचा तो उजवा, बस. डावा फार समजदार जनावर. बांधीच्या कोपऱ्यात आलं की सांगायची गरज नव्हती, आपोआप वळायचा आणि उजव्यालाही वळवून घ्यायचा. एका उन्हाळ्यात बा जोडी चारायला जंगलाच्या काठाला घेऊन गेला होता. वाघानं डाव्याला धरलं, बाच्या डोळ्यांदेखत. बा ओरडला, काठी आपटली, दगड मारले. वाघ जागचा हलला नाही. वनखात्याची माणसं आली, पंचनामा केला, भरपाईही मिळाली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण बा त्या दिवसापासून एकच म्हणायचा, "म्याच नेलं होतं त्याले तिथी." अख्ख्या गावाची जनावरं त्या दिवशी तिथंच चरत होती, हे त्याला कितीदा सांगितलं. तो ऐकून घ्यायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणायचा.

एकटा उजवा कशाच्या कामाचा? जोड शोधली, जुळली नाही. शेवटी त्याला बाजारात नेला. तो कोणी घेतला आणि कशासाठी घेतला, हे बाला माहीत होतं आणि मलाही होतं. त्यावर आम्ही एकमेकांशी कधी एक शब्द बोललो नाही.

मग मी वरोऱ्याहून एक जुना ट्रॅक्टर आणला. अंगणात उभा केला तर बा म्हणाला, "इथी कायले? गोठ्यात ने." गोठ्याची एक भिंत पाडून वाट मोठी करावी लागली, पण बानं ऐकलं नाही. ट्रॅक्टर डाव्याच्या जागेवर उभा राहिला. पुढच्या हुकाला बानं डाव्याचा कासरा बांधला आणि दुसरं टोक खुंट्याला अडकवलं. गाव हसलं, मीही हसलो. पण तो रोज सकाळी उठून त्याच्या बोनेटवरून हात फिरवायचा, टायरखालचा चिखल काढायचा आणि त्याला "डाव्या" म्हणायचा. लोकांसमोर म्हणायचा तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घरात म्हणायचा तेव्हा बरं वाटायचं, कारण उजव्याला विकल्यापासून त्याच्या तोंडून धड बोलणंच निघालं नव्हतं.

तर त्या वर्षी लिफ्ट बसली आणि मी नागभीडहून मिस्त्री बोलावला. मोटारसायकलवर आला, गालात खर्रा, पाठीवर पान्ह्यांची थैली. माणूस कामाचा, पण जिभेला हाड नाही. त्यानं ट्रॅक्टर गोठ्यासमोर काढायला लावला आणि खाली घमेलं ठेवून पेटीचा नट सैल केला. या ट्रॅक्टरात गियरचं आणि लिफ्टचं तेल एकाच पेटीत असतं. नट सुटला आणि घमेल्यात पडलं ते तेल नव्हतंच. दूध जास्त झालेला चहा असतो ना, अगदी तसं.

"बाप्पा!" मिस्त्री म्हणाला. "पानी हाय हे, पानी. चिखलात चालवताना थोडंबहुत जाते, पन हे तं कोनी बादलीनं ओतल्यावानी दिसून राह्यलं. खोल पान्यात टाकला होता का जी कधी?"

मी काही बोलायच्या आत बा बोलला, "हो. दरसाली. पोळ्याच्या दिवशी."

मिस्त्रीला समजलं नाही, म्हणून बानं त्याला नीट समजावून सांगितलं. पोळ्याला सगळ्या गावाचे बैल बोडीवर, गावाजवळच्या लहान तळ्यावर, जातात, पाण्यात उतरवून त्यांना घासूनपुसून आंघोळ घालतात. मग आमच्या डाव्यानं काय पाप केलं? मी स्टेअरिंगवर आणि बा पुढे कासरा धरून, अशी आमची वरात बोडीवर जायची. मागची चाकं अर्धी बुडतील एवढ्या पाण्यात ट्रॅक्टर उभा करायचा आणि बा कमरेइतक्या पाण्यात उतरून तणसाच्या बोळ्यानं त्याला घासायचा. चाकांच्या फटीतला चिखल बोटांनी काढायचा. पोटाखाली वाकून पाणी मारायचा. आजूबाजूचे लोक आपले बैल धूत असायचे आणि त्यातलं कोणीतरी ओरडायचं, "भाऊ, शिंगं घासाची राह्यली!" बासुद्धा हसायचा. वर्षातून एकदा मी त्याला असा हसताना पाहत होतो, म्हणून मीही काही बोलत नव्हतो.

बा हे सगळं उत्साहानं सांगत होता. मिस्त्री मान हलवत होता आणि मला कळत होतं की आता हा काय बोलणार. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं. पण तो कसला पाहतो!

"तिथीच तं मेला तो," मिस्त्री म्हणाला. "घरून चालत येते, पेटी गरम राह्यते. गरम पेटी थंड्या पान्यात गेली का आतली हवा आवळते. मंग ते जुन्या सीलातून पानी ओढते. ते पानी बसते खाली, आन् पंप पेते खालूनच. वर्षभर तेलाच्या जागी गंज पेला त्यानं. चालला एवढे दिवस हेच लय झालं."

बाचा हात अजून मडगार्डवर होता. त्यानं तो काढला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हंजे म्या मारला त्याले?"

"मारला म्हंजे काय जी," मिस्त्री हसत म्हणाला, "मशीन हाय ते..." आणि तेव्हा त्यानं बाचं तोंड पाहिलं. पुढचं वाक्य त्यानं खर्ऱ्यासोबत थुंकून टाकलं. त्याच्या तोंडात ते तेलकट फडकं कोंबावं असं मला वाटलं होतं, हे लपवून काय करू.

"बा, सीलच जुने होते," मी म्हणालो. "चिखलातही पाणी जाते. सगळ्यायचंच जाते."

"दुसराही म्याच," बा म्हणाला. माझ्याशी बोलत नव्हता तो. मग गोठ्यात जाऊन खुंट्याजवळ बसला. दुपारी जेवायला उठला नाही.

इकडे मिस्त्रीनं पंप काढून, खोलून मला दाखवला. गियरवर ओरखडे, आतल्या भिंतीवरही ओरखडे, नख फिरवलं तर अडकत होतं. त्यानं दोन वाटा सांगितल्या. एक, आत नवीन सील आणि किट टाकून हाच पंप बसवायचा, आज सांजीपर्यंत होऊन जाईल, पण किती चालेल त्याची हमी नाही. दुसरी, चंद्रपूरहून नवा आणायचा, त्याला दोन-तीन दिवस लागतील, पण मग पाहायचं काम नाही. "मी असतो तं नवाच टाकला असता," तो म्हणाला. मलाही तेच पटत होतं. पैशाचा विचार कोणाला नसतो, मलाही होता, पण खरी अडचण ती नव्हती. खरी अडचण गोठ्यात खुंट्याजवळ बसली होती.

मी आत जाऊन बाला विचारलं. त्यानं एवढंच म्हटलं, "दुरुस्त कर."

"बा, तो आतून खराब झाला आहे."

"मंग? बिमार पडला म्हणून कोनी फेकते काय? नवा आनला तं हा कुठी जाईन?"

"मिस्त्री नेईल. भंगारात."

"मले मालूम हाय भंगार म्हंजे काय," बा म्हणाला. तो पंपाबद्दल बोलत नव्हता. उजव्याच्या बाजारानंतर इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा त्या गोष्टीच्या एवढा जवळ आला होता आणि मी तिथून बाहेर निघून आलो. मला ते ऐकायची हिंमत नव्हती.

बायको चुलीपाशी होती. मी तिच्यावरच चिडलो, दुसऱ्या कोणावर चिडणार? "एका लोखंडाच्या तुकड्यासाठी हा माणूस जेवत नाही," मी म्हणालो. तिनं भाकर उलटली आणि म्हणाली, "त्यायच्या जिवाले लागलं आहे. तुमी नवा आनला तं त्यायले वाटंन का आपनच मारला, आन् पोरानं फेकून देल्ला. एकदा दुरुस्त करून तं पाहा. चालला तं सोनं. नाई चालला तं त्यायलेही दिसंनच ना." ती असंच बोलते, भांडणातलं सगळं लोणी काढून घेते आणि आपल्या हातात नुसतं ताक ठेवते. मी मिस्त्रीला किट टाकायला सांगितलं.

सांजी पंप बसला. नवीन तेल भरलं, लिव्हर ओढली, रोटावेटर झटकन वर गेला आणि वरच राहिला. बा बाहेर आला. लिफ्टच्या दांड्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला, दांडा खाली येतो का ते पाहत. आला नाही. त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला आणि बायकोला म्हणाला, "वरन मस्त झालं." मलाही वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी काकूच्या बांध्यांवर गेलो. काकू म्हणजे आमच्या शेजारची विधवा बाई. सख्खं नातं काही नाही, पण लहानपणापासून काकूच म्हणतो. तिच्या बांध्या आमच्या बांध्यांना लागून. तिचे पऱ्हे आमच्याहून आधी टाकलेले, अजून उशीर झाला असता तर त्यांना गाठी धरल्या असत्या आणि तसे रोवलेले पऱ्हे फुटत नाहीत. म्हणून मी आधी तिचा चिखल करायला घेतला. रोवणाऱ्या बाया पलीकडच्या धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या पेंढ्या घेऊन बसल्या होत्या. सकाळ छान गेली. मी उगाचच मिस्त्रीला मनातल्या मनात नावं ठेवत होतो, म्हणे नवाच टाका.

दुपार कलली, तेल तापलं. एक बांधी संपवून मी रोटावेटर उचलला, त्याची पाती बंद केली आणि धुरा ओलांडायला ट्रॅक्टर वळवला. काकू धुऱ्यावरून बायांसाठी पाणी घेऊन येत होती. मी थांबलो, तिला मागून जाऊ दिलं. ती ट्रॅक्टरच्या मागे आली आणि लिफ्टनं जीव सोडला. थरथर नाही, कुरकुर नाही. अख्खा रोटावेटर धाडकन धुऱ्यावर आदळला. मी मागे वळून पाहिलं तर काकू धुऱ्यावर बसलेली, चरवी पाण्यात पडलेली, आणि रोटावेटरची पाती तिच्या पायापासून वीतभर दूर चिखलात रुतलेली.

"माय वो!" एवढंच ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "पाय हाय ना रे बापू माया जाग्यावर?"

होता. मी उतरून तिचा पाय हातात धरून पाहिला. चिखलानं भरलेला, भेगांचा, म्हाताऱ्या बाईचा पाय. मी तो बोटाबोटानं चाचपत राहिलो, तेव्हा तीच मला म्हणाली, "काई नाई झालं, काई नाई झालं." तोवर धुरा फुटला होता आणि वरच्या बांधीतलं पाणी भसाभस खाली चाललं होतं. बाया पेंढ्या टाकून धावल्या, हातानं, फावड्यानं, मातीचे गोळे टाकून कसातरी धुरा बुजवला. रोटावेटर तिथंच सोडला आणि मी नुसता ट्रॅक्टर घेऊन घरी आलो.

रस्त्यात मी बाशी भांडण मांडत आलो. काय बोलायचं, तो काय म्हणेल, मग मी काय म्हणेन, सगळं ठरवून ठेवलं होतं. एवढा आवाज चढवून मी बाशी कधी बोललो नव्हतो, पण त्या दिवशी बोलणार होतो. बा गोठ्याच्या दारात उभा होता. रोटावेटर मागे नाही हे त्याला दिसलं. त्यानं विचारलं आणि मी जे झालं ते सांगितलं.

"कोनाले लागलं?"

"नाई."

त्यानं लिफ्टच्या रिकाम्या दांड्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "मंग नवा आन." एवढंच. माझं अख्खं भांडण तोंडातल्या तोंडात राहिलं.

मी चंद्रपूरला जाऊन पंप आणला. मिस्त्री आला, बसवून दिला, पेटी आतून धुतली, सगळे सील बदलले. या खेपेला तो मोजकंच बोलत होता, बाच्या तोंडाकडे पाहायचं टाळत होता. जुना पंप त्यानं पोत्यात गुंडाळून मोटारसायकलच्या मागे बांधला. बा फाटकापर्यंत गेला आणि मोटारसायकल वळणाआड होईपर्यंत तिथंच उभा राहिला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

जाण्याआधी मिस्त्री मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला होता, "भाऊ, आता बोडीत नेऊ नका. बादलीनं धुवा भायेरून. पुन्हा बुडवला तं हाही जाईन." हळूच म्हणाला, पण बाचे कान पक्के. "ऐकलं म्या," तो मागून म्हणाला.

त्या दिवशी सांजी मी नेहमीप्रमाणे ट्रॅक्टर गोठ्यात लावायला गेलो तर बानं हात आडवा केला. "भायेर ठेव. जागा कायले अडवून राह्यला?"

"काऊन बा? तिथंच तर असतो."

"ज्याले पोळ्याले आंघोळ नाई, तो डावा कसा?" बा म्हणाला. रागानं नाही, नीट समजावल्यासारखं. मग वाकून त्यानं पुढच्या हुकाचा कासरा सोडला, गुंडाळला आणि आत नेऊन खुंटीला टांगला.

मी अंगणात टिनाचं शेड घातलं. त्या कासऱ्याची मला इतकी वर्षं लाज वाटत होती, पण तो निघाला तेव्हा घरातलं माणूस उठून गेल्यासारखं वाटलं. त्यानंतर बा "ट्रॅक्टर" म्हणायला लागला. "ट्रॅक्टरात डिझेल हाय का?" "ट्रॅक्टर आला का?" इतर सगळे म्हणतात तसंच, पण त्याच्या तोंडून मला ते ऐकवत नसे. सकाळी उठून त्यानं बोनेटवर हात फिरवणंही सोडलं. नवा पंप घेतला त्याचा मला आजही पस्तावा नाही, काकूचा पाय मी हातात धरलेला आहे. पण जे बरोबर केलं त्याचंही दुखतंच, आणि ते कोणाला जाऊन सांगावं हे समजत नाही.

रोवणा पार पडला. काकूचाही झाला, आमचाही झाला. पंप एकदाही कुरकुरला नाही. धान हिरवंगार उभं राहिलं आणि पोळा जवळ आला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टे पडतात, तो दुखतो, म्हणून कोमट तुपात हळद कालवून पळसाच्या पानानं तो चोळायचा. आणि चोळताना बैलाला आवतन द्यायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ज्यानं राबून अन्न पिकवलं त्याला त्या दिवशी पाहुणा म्हणून बोलवायचं. आता आमच्या घरी बैल नव्हते आणि ट्रॅक्टर तर मशीन झाला होता. बायकोनं काही तयारी केली नव्हती. सांजी बा चुलीपाशी आला आणि म्हणाला, "वाटीत तूप-हळद दे व बाई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला केवढं बरं वाटलं! म्हटलं, चला, रुसवा निघाला म्हाताऱ्याचा. मी उठून शेडचं फाटक उघडलं. बा वाटी घेऊन आला आणि माझ्या समोरून, ट्रॅक्टरच्या समोरून, तसाच पुढे गोठ्यात निघून गेला.

रिकाम्या गोठ्यात दोन खुंटे होते. दाव्यांनी घासून घासून त्यांना मध्ये खाच पडलेली. बा भिंतीला धरून खाली बसला. आधी उजव्याच्या खुंट्याला, मग डाव्याच्या, पळसाच्या पानानं तूप-हळद लावली, त्या खाचेत बोट घालून चोळली. आणि म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी दारात उभा होतो. मला आत जाता आलं नाही आणि तिथून हलताही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावाचे बैल घुंगरं वाजवत बोडीकडे गेले. बा गेला नाही. बायकोनं पुरणाच्या पोळ्या केल्या, वडे केले, आणि बानं सांगितलं म्हणून दोन ताटं वाढून गोठ्यात नेऊन ठेवली, दोन खुंट्यांपुढे. बा ताटांजवळ बसून राहिला. दुपार उलटली, तोरणाकडचे डफडे वाजायला लागले. ताटांवर माशा बसत होत्या, तो हातानं हाकलत होता. शेवटी मला राहवलं नाही, मी आत गेलो.

"बा, चाल. घरात जेव. ते काही येणार नाहीत."

"मालूम हाय," बा म्हणाला. "पन आवतन देल्लं ना म्या. मंग ताट तसंच कसं उचलू?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "यंदा कोन राबलं रे?"

मी ताटावरच्या माशा हाकलल्या.

"तू राबला. बस इथी."

मी डाव्याच्या खुंट्यापुढे मांडी घालून बसलो. बानं पोळी मोडली, तुपात बुडवली आणि बैलाला देतात तशी पसरलेल्या तळहातावर ठेवून माझ्या तोंडापुढे धरली. नातवंडं असलेला माणूस मी. मी तोंड उघडलं, घास घेतला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते मी पुसलंही नाही. बानं दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"खांदा दुखते काय?"

"दुखते, बा," मी म्हणालो.